थांबायची घंटा

सिद्धेश,

बाबा गाडी घेऊन निघालेत आणि मी त्यांच्याबरोबर जातेय. तुझा फोन कंपनीच्या गेटवर जमा असतो, म्हणून लिहून ठेवतेय; तासाभरात शिफ्ट संपवून घरी येशीलच.

त्यांना वाटतंय ते अजून एसटीतच आहेत आणि आज कल्याण-मुरूडची ड्युटी आहे. स्वेटरवर जुना खाकी शर्ट चढवून स्टिअरिंगला बसलेत. किल्ली मागितली तर हात उगारला रे माझ्यावर, बाबांनी! वॉचमन जागेवर नाही. गाडी गेटकडे निघालीच होती. घाबरून मी टपावर एकदा थाप मारली, तर गपकन थांबले. म्हणाले, "कंडक्टर, बसा लवकर, उशीर होतोय." मी नाही बसले तर एकटे जातील. खालून हॉर्न देतायत.

रसिकाला शाळेतून कांताकाकू आणतील. तू संदेशची बाइक घे आणि पेणच्या स्टँडवर ये. तिथे ते चहाला उतरायचे ना, तेव्हा मी किल्ली काढून घेईन. नाही उतरले तर रेवदंड्याच्या पुढे रस्ता समुद्राला चिकटून जातो, आणि त्यांना उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही.

देवघरातली घंटा घेतलीय. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की गाडी सोडायची, एवढं त्यांना अजून पक्कं आठवतं. पण पूजेची घंटा एकदाच वाजवायची सवय कोणाच्या हाताला असते? आत्ता नुसती धरलीय, तरी किणकिणतेय.

स्वप्ना