एकवीस सप्टेंबरच्या दोन फेऱ्या

दि. १९ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप दादास,

योगेशचा पाया पडून नमस्कार.

मी इकडे बरा आहे. थंडी सुरू झाली, याडीचे गुडघे धरले असतील. मागच्या खेपेला दिलेलं तेल संपलं असेल तर कळव. आपली आई स्वतःहून कधी मागायची नाही. लेकरू आता दोन महिन्यांचं झालं. वरचं दूध पचतं का त्याला? आणि दिपा शाळेत जाऊन राहिली ना? वहिनीनं तिला एक दिवस घरी बसू दिलं नसतं.

तुझा अर्ज मंगळवारी पोचला, रजिस्टर पोस्टानं. पाकिटावरचं अक्षर लांबूनच ओळखलं. आश्रमशाळेत होतो तेव्हा याच अक्षरातली पोस्टकार्डं मला यायची. आमच्या आरोग्य केंद्रात माहितीच्या अधिकाराची वही गेल्या वर्षी सुरू झाली. तिच्यात आजवर दोनच अर्ज होते, तुझा तिसरा. नोंद मीच घेतली, ते टेबल माझ्याकडे आहे. 'अर्जदार हरिचंद थावरा राठोड, पेमा नाईक तांडा. विषय: दि. २१ सप्टेंबर २००६ रोजी केंद्राची जीप किती वाजता निघाली, कुठे गेली व किती वाजता परत आली.' आपल्या घरचं नाव त्या वहीत लिहायचं जिवावर आलं.

तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. ते येईल. उत्तरावर सही डॉक्टरसाहेबांची असते, माहिती अधिकारी तेच आहेत.

पण दादा, पोस्टानं काहून पाठवलास? आधी मला विचारायचं होतं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "राठोड, तुमचा भाऊच आमच्यावर कागद टाकायला लागला का?"

माझं म्हणणं एवढंच आहे की कागद मिळाला म्हणून वहिनी परत येणार नाही. अर्ज मागे घेतो अशा दोन ओळी लिहून दिल्या तरी भागतं. मजकूर कसा असावा ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलं आहे. तुला फक्त सही करायची. जबरदस्ती नाही. विचार कर.

दिवाळीला आलो नाही, त्याचा राग धरू नको. पोलिओच्या डोसाचं काम होतं.

याडीला नमस्कार, दिपाला आशीर्वाद.

तुझा धाकटा,
योगेश


दि. ७ जानेवारी २००७

तीर्थरूप दादास,

नमस्कार. तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तराला उशीर केला, माफ कर.

तू लिहिलंस, "कागद आला. त्याच्यात लिहिलंय, गाडी आपल्या तांड्याला आली. एकदा न्हाई, दोनदा. लसीकरणाला. समदा तांडा आंधळा हाये का? तू फोनवर म्हणलास गाडी निघाली, म्हणून आमी वाट बघत बसलो. निघाली तं मधी कुठं गेली? त्या डायवरानं कुठं नेली, एवढंच मला पाहिजे."

तुझा राग बराबर आहे. माझ्यावर निघाला असता तरी चाललं असतं.

लॉगबुक कसं भरतात ते तुला सांगतो, म्हणजे तुला कळेल. ड्रायव्हर जळबा रोजच्या रोज लिहीत नाही. महिना संपला की मीटरचे आकडे घेऊन येतो, कुठं कुठं गेलो ते तोंडी सांगतो आणि ऑफिसात कुणीतरी ते लिहून काढतं. त्या तारखेला मीटरवर बावन्न किलोमीटर होते. आपला तांडा केंद्रापासून तेरा किलोमीटर. जाऊन येऊन सव्वीस. म्हणून दोन फेऱ्या.

अक्षर कुणाचं, असं तू शेवटी विचारलंस. अक्षर माझं आहे. तू ते ओळखणार हे मला झेरॉक्स पाकिटात घालतानाच माहीत होतं. पण दादा, सांगतील ते लिहिणं हे कारकुनाचं काम. खरं-खोटं बघणं सही करणाऱ्याचं. सगळ्या ऑफिसांत असंच चालतं.

गाडी खरी कुठं गेली ते जळबाला विचारावं लागेल. मी तर खुर्चीवर होतो.

अर्ज मागे घ्यायचा तो मजकूर तू फाडून टाकलास, बरं केलंस. अपील करणार म्हणतोस तर कर, तो तुझा हक्क आहे. अपिलावर पहिल्या अर्जाचा क्रमांक टाकायला विसरू नको: ३, तारीख १४ नोव्हेंबर. नाहीतर त्रुटी काढून परत पाठवतात. तालुक्याच्या साहेबांकडं सुनावणी होईल. त्या वेळी मलाही कागद घेऊन उभं करतील बहुतेक. दुसऱ्या कुणाला पाठवलं तर बरं होईल.

संक्रांतीलाही येणं जमत नाही. लेकराला लोकरीची टोपी पार्सलानं पाठवली आहे. मोठी झाली तर पुढच्या थंडीत होईल.

तुझाच,
योगेश


दि. ४ मार्च २००७

दादा,

याडीच्या आणि तुझ्या पाया पडतो. माझा नमस्कार घ्यायचा की नाही, ते पत्र संपल्यावर ठरव.

आज धुळवड. आज लेकराची धुंड असणार. वहिनीचा पोरगा, पहिली होळी, सगळा तांडा काठ्या घेऊन दारात आला असेल, त्याच्या नावानं गाणी म्हटली असतील. त्याला मांडीवर घेऊन कोण बसलं? तो मान माझा होता. तू निरोपही पाठवला होतास. मी सकाळी आंघोळ करून, नवा शर्ट घालून एसटी स्टँडवर गेलो. तांड्याची गाडी लागली, भरली, निघून गेली. मी बाकावर बसून राहिलो. मग खोलीवर येऊन हे लिहायला घेतलं.

वीस फेब्रुवारीच्या सुनावणीचं लिहितो. तू तिथं होतास, पण माझ्या बाजूनं ती कशी होती हे तुला माहीत नाही.

तालुक्याच्या साहेबांनी लॉगबुक उघडून तुला विचारलं, "गाडी तांड्यावर आल्याची नोंद आहे. तुम्ही म्हणता आली नाही. मग निघाली होती हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तू उभा राहिलास. टोपी काढून हातात धरलीस. म्हणालास, "साहेब, माझा भाऊ हाये ह्या हापिसात. त्यो बसलाय बघा. त्यानं फोनवर सांगितलं गाडी निघाली म्हणून. त्यो खोटं बोलत न्हाई. त्यालाच इचारा."

साहेब माझ्याकडं वळले. "काय हो राठोड? सांगितलं होतं?"

आमचे डॉक्टरसाहेब माझ्या शेजारी बसलेले. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. मी तुझ्याकडं पाहिलं नाही. टेबलावरच्या काचेखाली एक कॅलेंडर होतं, त्याच्याकडं बघत म्हणालो, "आठवत नाही साहेब."

पुढची तारीख पडली. तू बाहेर लिंबाखाली थांबला होतास. मला वाटलं, आता कानाखाली देशील. दिली असतीस तर बरं झालं असतं. तू याडीनं बांधून दिलेल्या भाकरी माझ्या हातात दिल्यास आणि म्हणालास, "घाबरला असशील. शेजारी साहेब बसला होता. मला समजतं. नोकरी सांभाळ."

त्या भाकरी मी खाल्ल्या नाहीत. दोन दिवस तशाच राहिल्या, मग गाईला घातल्या. हेही सांगायला नको होतं, पण आता सगळंच सांगायचं आहे.

मला आठवतं, दादा. एकूण एक शब्द आठवतो.

गाडी सकाळी नऊला गेली होती. साहेबांच्या सासरची माणसं आली होती, त्यांना हिंगोलीला रेल्वेवर सोडायला. साहेब स्वतः सोबत गेले. जाताना मला म्हणाले, "कुणाचा फोन आला तर गाडी लसीकरणाला गेली म्हणा." हे नवीन नव्हतं. असं मी कितीतरी लोकांना सांगितलं आहे. ते लोक कोण होते, त्यांच्या घरी काय झालं, हे मी कधी विचारलं नाही.

सव्वादहाला फोन वाजला. तुझा होता. शालूबाईच्या दुकानातून बोलत होतास. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता. तू म्हणालास, "योगेश, तुझी वहिनी बाळंत झाली, पोरगा झाला, पण रगत थांबून न्हाई राहिलं. गाडी धाड." आणि मग कुणाला तरी म्हणालास, "थांबा, माझा भाऊ हाये तिथं."

ते तू मला म्हणाला नव्हतास, लोकांना म्हणाला होतास. पण मी ते ऐकलं. तू मला शिकवलंस, ऊसतोडीला जाऊन शिकवलंस, आणि सगळ्या तांड्याला सांगत आलास की आता आपला माणूस हापिसात बसला, आता तकलीफ न्हाई. त्या सगळ्यांसमोर, गाडी इथं नाही, साहेबांचे पाहुणे घेऊन गेली आहे, असं मला म्हणवेना. मला लाज वाटली. गाडी आता येईलच, आली की फाटकातूनच तांड्याला वळवतो, असं मी मनात धरलं आणि तुला सांगितलं, "गाडी निघाली. अर्ध्या तासात पोचते."

गाडी निघालेली नव्हती, दादा.

मी फाटकात जाऊन उभा राहिलो. अकरा वाजले, बारा वाजले. तुला परत फोन करून खरं सांगता आलं असतं. शालूबाईच्या दुकानाचा नंबर माझ्या डायरीत होता. प्रत्येक वेळी वाटायचं, आता वळणावर दिसेल. जीप एक वाजून वीस मिनिटांनी आली. त्याच्या आधीच तुम्ही वहिनीला बैलगाडीत घालून निघाला होतात आणि ओढ्याच्या पलीकडं सगळं संपलं होतं.

संतरामचा ट्रॅक्टर दारात उभा होता, हे मला तेराव्याला कळलं. तो स्वतः म्हणाला, "मी घेऊनच आलो होतो, पण हरिचंद म्हणला सरकारी गाडी निघालीय, तीत झोपवून नेता येईल, ट्रॅक्टरात हादरे बसतील. म्हणून मी वावरात गेलो." तू तिथंच बसला होतास. मी पाण्याचा तांब्या घेऊन उठून गेलो. तेव्हापासून मी घरी आलेलो नाही. दिवाळीला काम नव्हतं. संक्रांतीलाही नव्हतं.

लॉगबुकाचंही खोटं लिहिलं होतं तुला. ड्रायव्हरनं काहीच सांगितलं नव्हतं. तेराव्याहून परत आल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, "त्या तारखेचं नीट भरून टाका, उद्या कुणी विचारायला नको." बावन्न किलोमीटर होते. मी दुसऱ्या कुठल्याही गावाचं नाव घालू शकलो असतो. पण आपल्या तांड्याचं अंतर मला पाठ होतं, दोन फेऱ्यांत बराबर बसत होतं. वहिनीचं तेरावं जेवून आलेल्या हातानं मी ते लिहिलं. त्या वेळी मला फक्त आकडा जुळल्याचं बरं वाटलं. माणूस असा होतो, हे मला स्वतःबद्दल माहीत नव्हतं.

तुझा अर्ज वाचला तेव्हा एक गोष्ट कळली. तू मला कुठंच धरलं नव्हतंस. गाडी निघाली, हे तू खरं धरून चालला होतास, कारण ते मी सांगितलं होतं. तू फक्त मधल्या रस्त्याचं विचारत होतास. जळबाला तांड्यातली पोरं शिव्या देतात असं ऐकलं. त्याचा काही दोष नाही, हे सगळ्यांना सांग.

सोमवारी, सव्वीस तारखेला, मी तालुक्याला जाऊन लेखी जबाब दिला. फोन, गाडी कुठं गेली ते, लॉगबुक, आणि सुनावणीत 'आठवत नाही' म्हणालो तेही. शिक्का मारून घेतला. आवक क्रमांक २१४. शौर्य म्हणून सांगत नाही, पाच महिने उशिरा दिलेल्या कागदाला काय म्हणायचं? पण पुढच्या तारखेला कुणी असा कागदच नाही म्हणालं तर हा क्रमांक सांग आणि नक्कल माग. शुक्रवारी मला नोटीस मिळाली. टेबल काढून घेतलं. साहेबांनाही खुलासा मागितला आहे. नोकरी राहील असं दिसत नाही. तू ती सांभाळ म्हणाला होतास, तेवढं जमलं नाही.

बारा मार्चला परत सुनावणी आहे. तू येशील. मी हेच तुझ्यासमोर उभा राहून बोलणार आहे. त्या वेळी ते तुला पहिल्यांदा ऐकायला लागू नये म्हणून आधी लिहिलं. तोंडानं सांगायला तांड्यावर यायला हवं होतं. स्टँडपर्यंतच येऊ शकलो.

माफी मागत नाही. कशाची मागू? वहिनीनं मला धाकटा दीर म्हणून कधी वागवलं नाही, पोरासारखं वागवलं.

याडीला वाचता येत नाही. तिला हे पत्र वाचून दाखव. सव्वादहाच्या फोनाचं आलं की तू अडखळशील, मला माहीत आहे, माझ्यासाठी म्हणून काही गाळशील. गाळू नको, दादा. जसं लिहिलं आहे तसंच वाच.

योगेश