आप्पांच्या संघटनेबद्दल मी दिलेला जबाब

आप्पा, परवा तुमची ती शिरोळची बाई घरी आली होती. आता ती तुमच्या संघटनेची अध्यक्ष आहे. तुम्ही असता तर अख्ख्या राजारामपुरीत पेढे वाटले असते. मी बारावीला पहिल्या वर्गात आले तेव्हा मात्र तुम्ही "बरं झालं" एवढंच म्हणाला होतात.

ती पहिल्यांदा आली तो दिवस मला अजून दिसतो. महापूर नुकताच ओसरलाय. शाळेतल्या छावणीत तिच्या वस्तीतल्या माणसांना जेवायला वेगळं, व्हरांड्यात बसवलेलं, आणि तिचा तक्रार अर्ज कचेरीत कुणी हातात घेईना. माझ्याच वयाची पोरगी, पाय चिखलानं भरलेले. तुम्ही तिला बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवता, आईला चहा टाकायला सांगता आणि म्हणता, "बोल बाळ, मी मधे बोलणार न्हाय." तासभर ती बोलते, तुम्ही तिच्याच शब्दांत लिहिता, मग सगळं वाचून दाखवता आणि विचारता, "असंच की?" ती "व्हय" म्हणाल्यावरच सही. त्या अर्जाला कचेरीला उत्तर द्यावं लागलं, आणि पुढच्या आठवड्यापासून आपल्या दारात चपलांचा ढीग पडायला लागला. संघटना सुरू झाली ती तिथूनच. ज्याचं कुणी ऐकत नाही त्याचं ऐकायचं, त्याच्या शब्दांत लिहायचं आणि उत्तर मिळेपर्यंत पाठ सोडायची नाही. संघटनेचं काम तेव्हाही एवढंच होतं, आजही एवढंच आहे.

एकदा मीच त्या खुर्चीत जाऊन बसले. मला शिकायला पुण्याला जायचं होतं आणि तुम्हाला ऐकायला सवड नव्हती. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "ऊठ. बाहेरची माणसं थांबल्यात. घरातल्यांचं काय ते आईला सांग." दाराशी ती शिरोळचीच उभी होती, सगळं ऐकत. पुण्याला काही मी गेले नाही. जगाचा कैवार घेणाऱ्या माणसाला घरची पोरगी दिसू नये, याचा राग होताच, पण खरं म्हणजे मी तिच्यावर जळत होते. अजून जळते.

परवा ती आली ती वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी, संघटना कशी सुरू झाली ते माझ्याकडून लिहून घ्यायला. म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा, मी मधे बोलणार न्हाय." मग मी सांगत सुटले, की संघटना आईमुळे सुरू झाली, आमच्या स्वयंपाकघरात, पुराच्या कितीतरी आधी. त्यात शिरोळ नाही, छावणी नाही, आणि ती तर नाहीच. तिचं पेन एकदाही थांबलं नाही. शेवटी तिनं सगळं वाचून दाखवलं, एक अक्षर न बदलता, आणि विचारलं, "असंच की, ताई?" मी हो म्हणाले आणि सही केली. खोटं आहे हे तिला ठाऊक होतं. पण सांगणाऱ्याचे शब्द बदलायचे नाहीत हा तुमचा नियम ती मोडणार नाही, हे मलाही ठाऊक होतं.

सोमवारी स्मरणिका छापायला जाईल. त्याआधी तिला बोलावून खरं काय ते सांगणार आहे. हे पत्र काही तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून सांगते. खऱ्याची चाड आहे म्हणून बोलावतेय, असं समजू नका. परवा तासभर कुणीतरी माझं बोलणं न तोडता ऐकलं, आणि मला ते अजून एकदा हवंय, तिच्याकडून का असेना.