पायाखालचा पत्रा

३ सप्टेंबर
आज उतईच्या रस्त्यावर गाडी दणकली आणि आमच्या सौ.चा, सत्यशीलाचा, डावा पाय गाडीबाहेर गेला. दारातून नाही, खालून. चप्पल रस्त्यावर राहिली. मी गाडी थांबवून मागे गेलो, तोवर चपलेवरून ट्रक गेला होता. सौ.नी दिवसभर शाळेतल्या चपराशीणबाईची चप्पल घालून भूगोल शिकवला.

संध्याकाळी गाडीतली चटई उचलून पाहिली. तळाचा पत्रा गंजून पापड झाला आहे. बोट लावलं की तुटतो. बोट लावणं बंद केलं.

ती म्हणाली, "देऊन टाका भंगारात. नोव्हेंबरात मी रिटायर होऊनच राहिली. तोवर बसनं जाईन."

मी म्हणालो, अख्खी नोकरी स्टील प्लांटात काढलेल्या माणसानं एका पत्र्याला घाबरायचं?

"तुमी टाइम ऑफिसात होते. लोकायच्या हजेऱ्या लावत होते."

हे टेक्निकली खरं आहे. पण माझ्या खिडकीतून रूळ बनवणारी रेल मिल सरळ दिसायची.

५ सप्टेंबर, सकाळी
ती बसनं गेली. स्टॉपपर्यंत सोडायला निघालो तर नको म्हणाली. रिटायर झाल्यापासून मला एकच ड्यूटी आहे. सकाळी तिला उतईच्या शाळेत सोडणं, दुपारी आणणं. मधल्या वेळात घरी येऊन पेपर. आज पेपर आठ वाजताच संपला.

वेल्डिंग शिकायचं ठरवलं. मोबाइलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहिला. चहा पीत पीत दरवाजा जोडतो. सोपं आहे. आठवडाभरात तळ, मग दारांचे पोचे, मग पेंट. दिवाळीपर्यंत गाडी शोरूममधून आणल्यासारखी.

९ सप्टेंबर
पॉवर हाऊस भागातल्या एका दुकानातून मशीन भाड्यानं आणली. शेजारचे तेजराम साहू मदतीला आले. तेही प्लांटातूनच रिटायर आहेत, बगीचा विभागातून. म्हणजे आम्हा दोघांचा मिळून पोलादाचा अनुभव दांडगा आहे. ते म्हणाले, "भैया, बस हाथ नहीं काँपना चाहिए."

सरावाला जुनी लोखंडी खाट घेतली. रॉड टेकवला, चिकटला. ओढला तर खाटही सोबत आली. तेजरामजींनी खाट धरली, मी रॉड ओढला, तेव्हा आमची लाइट गेली. मग गल्लीची गेली. सगळे बाहेर येऊन उभे राहिले. मी पण त्यांच्यासोबत उभा राहून वीज मंडळाला नावं ठेवली.

१२ सप्टेंबर
दोन दिवस डोळे उघडत नव्हते. डोळ्यांत रेती भरल्यासारखं. काळी काच होती हातात. पण काचेतून काहीच दिसत नाही, म्हणून रॉड नेमका कुठं टेकतो ते बघायला काच जराशीच बाजूला केली होती. दर वेळी जराशीच.

सत्यशीलानं ऑटो करून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर पोरगेलासा आहे. मी सांगितलं, प्लांटातला माणूस आहे. तो म्हणाला, "फिर तो आपको मालूम होना चाहिए था, अंकल." घरी आल्यावर तिनं बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवल्या आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

२२ सप्टेंबर
आज जमलं. अँगलला अँगल जोडला. तेजरामजी म्हणाले, गोबरासारखं दिसतं. दिसू दे. चिकटलं ते चिकटलं.

सत्यशीलाचे बसमध्ये हाल होत असणार. सांगत नाही, सोसते. आज उशिरा आली. पर्समध्ये भुईमुगाच्या शेंगा. बसमधल्या मॅडम लोकांनी मिळून घेतल्या म्हणे, आणि कोणाच्या तरी सासूची नक्कल सांगताना स्वतःच हसत राहिली. माणूस थकला की असं होतं.

२ ऑक्टोबर
गांधी जयंतीच्या मुहूर्तावर प्रत्यक्ष गाडीला हात घातला. बॅटरी काढली. पुढची सीट काढली. पाण्याची बादली जवळ ठेवली. सगळं नियमानं.

गाडीचा पत्रा फारच पातळ असतो हे व्हिडिओत नीट सांगत नाहीत. रॉड टेकवला की भोक पडतं. ते बुजवायला गेलो की शेजारी दुसरं पडतं. मग दोन्ही भोकं एक होतात. सकाळी एक पाय जाईल एवढी जागा होती, दुपारी दोन्ही पाय आरामात जातील एवढी झाली. जुना सडका भाग आपोआप निघतो आहे असं धरून चाललो तर काम पुढेच सरकलं.

गल्लीतली एक मांजर खालून गाडीत शिरून मागच्या सीटवर झोपते. हाकलली. दारातून येण्याची तिला गरजच पडत नाही.

८ ऑक्टोबर
सौ.च्या कोपराला खरचटलं आहे. विचारलं तर म्हणाली, मैदानावर पडली. या वयात मुलांचे खेळ घ्यायला लावतात. शाळेला पत्र लिहीन म्हणालो. नका लिहू म्हणाली, जरा जास्तच घाईनं.

११ ऑक्टोबर
काल बैठकीच्या खोलीत नवं निळं हेल्मेट दिसलं. मन भरून आलं. मी काम करताना ठिणग्या डोक्यावर उडतात, ते तिनं पाहिलं असणार. बोलून दाखवत नाही, पण लक्ष असतं. जरा लहान आहे, कानाशी दाबतं. तरी घालून दिवसभर काम केलं.

संध्याकाळी ती आली आणि हेल्मेट पाहून दारातच थांबली. काचेवर बारीक बारीक काळे ठिपके पडले होते.

"हे माझं होतं," ती म्हणाली. "मी स्कूटी शिकून राहिली."

म्हटलं, कोण शिकवतं? शाळेतली वैभवी मॅडम. नवीन लागलेली पोरगी. शाळा सुटल्यावर मैदानावर.

म्हटलं, या वयात? कायले पण? गाडी होऊनच राहिली ना.

ती कोपरावर मलम लावत होती. "मले कोनाची वाट पाहाची नाही आता," एवढंच म्हणाली.

वाक्य विचित्र वाटलं. पुष्कळ वेळ डोक्यात राहिलं. थकली असेल. हेल्मेटची काच घासून दिली, ठिपके जात नाहीत.

१४ ऑक्टोबर
सत्यशीला महिला मंडळासोबत रेल्वेनं नागपूरला गेली, दीक्षाभूमीला. दर वर्षी आम्ही गाडीनं जातो. आम्रपालीकडे मुक्काम करतो, जावई मला गाडीबद्दल विचारतो. या वर्षी आम्रपालीचा फोन आला, "बाबा, तुमी आले नाही? आईनं तर गाडी विकली म्हणून सांगितलं." म्हटलं, आईचा काहीतरी गैरसमज झाला.

घर रिकामं, काम जोरात. भोकावर टाकायला जुन्या कूलरचा पत्रा कापला. जाड, चकचकीत, फुकटचा. वेल्डिंग करताना पांढरा धूर निघाला, गोडसर वास. तेजरामजी दूर जाऊन उभे राहिले. मी म्हणालो, चांगल्या पत्र्याची हीच खूण आहे.

१५ ऑक्टोबर
काल संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. दोन ब्लँकेटं घेऊनही दात वाजत होते. मलेरिया म्हणून त्याच डॉक्टरकडे गेलो. तेजरामजी सोबत होते, त्यांनी धुराचं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाला, कूलरच्या पत्र्यावर जस्त असतं, त्याच्याच धुराचा ताप आहे. मग म्हणाला, "अंकल, घर में कोई है?" म्हटलं, आहे. नागपूरला आहे.

तेजरामजींच्या घरून पेज आली. सत्यशीलाला फोन केला, तापाचं सांगितलं नाही. तिकडे गर्दीचा आवाज होता. ती म्हणाली, जेवा वेळेवर, आणि फोन कट झाला.

४ नोव्हेंबर
तळ झाला! जिथं वेल्डिंगनं धरलं तिथं वेल्डिंग, नाही तिथं रिवेट, मग वरून पुट्टी आणि काळा रंग. अंधारात पाहिलं तर कंपनीचंच वाटतं.

एक बारीक गोष्ट. ड्रायव्हरची सीट ज्या पट्ट्यांवर मागेपुढे सरकते, त्यांतली एक पट्टी पत्र्यासोबतच जोडली गेली. सीट पुढच्या टोकाला फिट झाली आहे. गुडघे स्टिअरिंगला लागतात आणि हॉर्न छातीनं वाजतो. पण सरळ बसायची सवय लागेल. एरवीही मी वाकून बसतो अशी तिची तक्रार असतेच.

सत्यशीलाला बोलावून दाखवलं. तिनं चप्पल काढली आणि नुसता अंगठा टेकवून पाहिला. "बरं झालं," म्हणाली. कौतुक करताना ती नेहमीच कमी बोलते.

११ नोव्हेंबर
वैभवी मॅडमनं नवी स्कूटी घेतली, जुनी सत्यशीलाला दिली. आज ती उतईहून स्वतः चालवत आली. फाटकाशी येऊन दोनदा हॉर्न वाजवला. मी धावत गेलो, मला वाटलं कुरिअर आहे.

स्कूटी पोर्चमध्ये ठेवायची म्हणून गाडी बाहेर काढावी लागली. आता गाडी गल्लीत, भिंतीला लागून. मांजरीनं हे मान्य केलेलं नाही.

ट्रकवाल्यांचा कसा भरवसा नसतो, ते मी तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कधी बसा मागं. वहिनीकडे बोरसीले जाऊन येऊ." म्हटलं, माझ्याकडे गाडी आहे.

तिनं खांदे उडवले आणि भाजी निवडायला बसली. मी पण बसलो निवडायला. मेथी होती. बराच वेळ दोघांनी मेथीच निवडली.

२९ नोव्हेंबर
उद्या सत्यशीलाचा शाळेतला शेवटचा दिवस. दुपारी निरोप समारंभ. मी सांगून ठेवलं आहे, सकाळी तू स्कूटीनं जा, पण परत येताना हार गळ्यात घालून गाडीतच बसायचं. एवढी वर्षं मी आणलं, शेवटच्या दिवशीही मीच आणीन. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "आणा," म्हणाली.

संध्याकाळी तेजरामजींना गाडीत उभं करून उड्या मारायला लावल्या. तळ हलला नाही. तेजरामजी अंगानं किरकोळ आहेत, पण उड्या मनापासून मारल्या. बॉनेटला झेंडूची माळ लावली.

३० नोव्हेंबर
बाराला निघालो. मी, शेजारी तेजरामजी, त्यांच्या मांडीवर बुके. आमच्या स्मृति नगरच्या बाहेर पडेपर्यंत गाडी एकदम झकास. मी म्हणालो, बघा. छातीनं हॉर्नही वाजवला.

पाण्याच्या टाकीजवळ एक साधा खड्डा. खालून टिनाचा डबा पडावा तसा आवाज झाला, आणि तेजरामजी ओरडले. त्यांच्या बाजूचा तळ एका तुकड्यात खाली गेला होता. त्यांचे दोन्ही पाय रस्त्यावर, गाडी चालू, आणि ते बसल्या बसल्याच बिचारे चार पावलं चालले. बुके सोडला नाही.

उतरून पाहिलं. माझं वेल्डिंग एका ठिकाणीही सुटलेलं नव्हतं. कूलरच्या पत्र्याला चारही बाजूंनी गाडीच्या पत्र्याची झालर होती. वेल्डिंगनं धरून ठेवलं होतं. ज्याला धरायचं ती गाडीच उरली नव्हती.

मागच्या गाडीतला एक जण खाली उतरून म्हणाला, "चाचा, इसको कबाड़ में दे दो." मी तळाचा तुकडा उचलून कडेला ठेवला. तेजरामजी म्हणाले, "आप जाओ भैया, मैं गाड़ी के पास बैठता हूँ." माळेतली फुलं रस्त्यावर सांडली होती, ती ते वेचत बसले.

ऑटो, मग बस. पोचलो तेव्हा भाषणं संपत आली होती. मागे, सायकल स्टँडजवळ उभा राहिलो. हातात बुके, पँटला काळा रंग. सत्यशीला स्टेजवर, आकाशी साडी. किती दिवसांत तिला असं लांबून पाहिलं नव्हतं.

शाळेचे हेडमास्तर नवीन आहेत. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी माइकवर सांगितलं, "मैडम के ड्राइवर साहब भी आए हैं. बरसों मैडम को लाए, ले गए. हम चाहेंगे कि इनका भी सम्मान हो." टाळ्या वाजल्या. मी मागे वळून पाहिलं, कोण आलं ते. मागे सायकली होत्या.

चपराशीणबाई हसत होत्या. त्यांना माहीत होतं. बाकी स्टाफलाही असेल, पण माइक हातात असलेल्या माणसाला कोण अडवतं. एका मुलीनं हात धरून स्टेजवर नेलं. हेडमास्तरांनी गुलाबाचं फूल दिलं आणि खांद्यावर टॉवेल घातला.

तेव्हा सत्यशीलानं माइक घेतला. म्हणाली, "ये मेरे मिस्टर हैं." हेडमास्तरांचा चेहरा पडला. ती मग हसली. "लेकिन सर ने ग़लत नहीं कहा. लू में, कोहरे में, लाते यही थे. हमसे कभी थैंक्यू नहीं कहा गया." मग माइकपासून तोंड फिरवून हळूच मला म्हणाली, "गाडी कुठं आहे?"

म्हटलं, टाकीजवळ. तेजरामजी आहेत.

"तुमाले लागलं नाही ना?"

नाही म्हटलं. तिनं मान हलवली आणि मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. मी टॉवेलनं तोंड पुसलं.

परत येताना स्कूटीवर तिच्या मागे बसलो. मांडीवर शाल, हार, भिंतीवरचं घड्याळ, बुके, माझं गुलाबाचं फूल. पाय कुठं ठेवायचे ते तिनं सांगितलं. पहिल्या वळणावर म्हणाली, "हलू नका, बॅलन्स जाते."

हललो नाही.