वुहान ते येडशी

८ जुलै २०२५, सकाळी ७
संकल्प. कोरोना आला कुठून, हा वाद आता मीच मिटवणार. पाच वर्षं टीव्हीवाले नुसते ओरडतायत. माझं यूट्यूब चॅनल लहान असलं तरी निःपक्ष आहे. पंधरा दिवसांत व्हिडिओ. तोवर चहा दोनदाच.

९ जुलै
दोन वह्या केल्या. एक प्रयोगशाळेची, एक बाजाराची. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ गेल्या महिन्यात म्हणाले, बराचसा पुरावा जनावरांकडं बोट दाखवतो. पण चीननं पुरती माहिती दिली नाही, म्हणून प्रयोगशाळेची शक्यता खोडता येत नाही. अमेरिकेची गुप्तचर संस्था प्रयोगशाळा म्हणते, तेही ‘कमी खात्रीनं’. एवढी मोठी माणसं अजून चाचपडतायत. मला सोपं जाईल. चहा चारदा. (अभ्यास.)

११ जुलै
व्यत्यय. मुनवर टेलरची मुलगी झरीन घरी आली. २०२० साली मी ‘येडशीत कोरोना आणला कुणी?’ हा व्हिडिओ केला, त्यात तिच्या वडिलांचं नाव घेतलं होतं. चॅनलचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ. आता कुणीतरी तो ताजा म्हणून पुन्हा फिरवतोय. शाळेच्या गणवेशाचं काम मुनवरभाईंना मिळणार होतं. कमिटी कां-कूं करतेय, सोमवारी दुपारी बाराला ठरवणार. “काका, काढून टाका ना तो,” म्हणाली. पत्रकारानं दबावाखाली यायचं नसतं, हे तिला समजावलं. तिनं वडिलांचा तेव्हाचा रिपोर्ट ठेवला. निगेटिव्ह. तपासतो म्हणालो. पाणीसुद्धा न पिता गेली.

१२ जुलै
रिपोर्ट प्रयोगशाळेच्या वहीत ठेवला. विषय तोच आहे. वटवाघळांवर तीन पानं वाचली.  

१३ जुलै
जेवताना भुवनेश्वरी म्हणाली, “वुहानचं राहू द्या. मुनवरभाईंचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?” बायकोलाही सूत्र सांगायचं नसतं. पण सूत्र भक्कम आहे: स्टँडवरचा हॉटेलवाला बंडप्पा. उद्या त्याचा जबाब कॅमेऱ्यावर घेतो. विषय संपला.

१४ जुलै, सकाळी ९
बंडप्पा म्हणाला, “म्या? म्या तर तुमच्याच व्हिडिओत ऐकलं.” मी म्हणालो, त्याच्या आधीचं आठव. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं, आठवलं. “तुमीच इचारत आलता, मुनवर पुण्यावरनं आजार घेऊन आला व्हय? म्या म्हणलं, आसंल.”
रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. ‘आसंल’ एवढंच आहे.

११.४०
व्हिडिओ काढला.  शाळेकडं निघालो.

दुपारी २
काम धाराशिवच्या दुकानाला गेलं. हेडमास्तर म्हणाले, काढलात हे बरं केलंत, पण पालकांच्या मोबाइलमधनं आता कोण काढणार? मी म्हणालो, दोष माध्यमांचा आहे. त्यांनी पुढची फाइल उघडली.

१५ जुलै
खुलासा लिहिला, दीड पान. सुरुवात वुहानपासून, म्हणजे संदर्भ कळेल. मुनवरभाईंच्या दुकानात नेऊन दिला. त्यांनी मशीन थांबवलं, वाचलं. “माझं नाव शेवटच्या ओळीत का?” म्हणाले.  मग खाली बघूनच म्हणाले, “तुमच्या व्हिडिओनंतर महिनाभरात अम्मी गेली. दम्यानं. मय्यतीला घरातलेच तिघं होतो. लोक दारं लावून बसले.” नव्यानं लिहितो म्हणून मी कागद परत मागितला. त्यांनी घडी घालून दिला. म्हणाले, “लिहू नका. स्टँडवर मोबाइल हातोहात फिरत होता. तिथंच सांगा. तोंडानं.”
दसऱ्यानंतर एखादा कार्यक्रम ठेवावा, असा विचार केला. भुवनेश्वरी म्हणाली, उद्या.

१६ जुलै, सकाळी १०, स्टँड
मुनवरभाई आधीच येऊन उभे होते. माणसं पंधरा-वीस.  कसंबसं म्हणालो, “मुनवरभाईंनी गावात कोरोना आणला नव्हता. मी चौकशी न करता बोललो. खोटं बोललो.” एका बाईनं विचारलं, धाराशिवची गाडी गेली का? तेवढ्यात गाडी आलीच. सगळे दाराशी लोटले. दोन मिनिटांत स्टँड रिकामं.
सुटलो म्हणून घराकडं वळलो. मुनवरभाई शांतपणे म्हणाले, “बसा. पाऊण तासानं बार्शीची हाय. तिला दुसरी माणसं येतील.”
बसलोय.