उदाहरणासाठी सोडलेल्या पाच ओळी

१ ऑगस्ट, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. आपला उत्कर्ष नेमका कुठून सुरू झाला याची नोंद असलेली बरी.
ऑपरेटिंग सिस्टिम्स या विषयात तीनदा गचकलो. तिन्ही वेळा पेपर विचित्र होता. ही चौथी आणि शेवटची संधी, त्यानंतर युनिव्हर्सिटी हात जोडते. बाबांनी काल शांतपणे सांगितलं की यंदा नाही जमलं तर खाली ये, दुसरी इस्त्री नुसती पडून आहे. आमची लाँड्री खाली, आम्ही वर. खोलीच्या खिडकीतून दिवसभर वाफ येते. मी वाफेत जन्म काढणार नाही. विषय संपला.

२ ऑगस्ट
देव पावला! सरांनी जाहीर केलं की यंदा परीक्षेला वही नेता येईल. एकच वही, स्वतःच्या अक्षरातली. अक्षर म्हणजे आपला प्रांत. थोडक्यात, पास झालो, फक्त लिहायचं बाकी आहे.
धाकटी बहीण यंदा माझ्याच वर्गात आहे, हे इथे एकदाच नमूद करतो. ती पुढे आलेली नाही. मी तिच्यासाठी थांबलो.

३ ऑगस्ट, दुपारी ४
पद्धत ठरली. व्याख्या निळ्या, कारणं हिरवी, उदाहरणं जांभळी, सर दोनदा बोलले ते लाल. वर्गात कच्चं, घरी पक्कं. सहा पेनं, दोन हायलायटर, स्टीलची पट्टी.
धाकटीकडे एक पेन्सिल. तीही चावलेली. कीव आली.

९ ऑगस्ट
अनुक्रमणिका पूर्ण. चार पानं. विषय अजून सुरू व्हायचाय, पण पाया भक्कम.

२१ ऑगस्ट
किरकोळ अडचण. घरी पक्कं करायला वेळ पुरत नाही, म्हणून ते वर्गात बसून करतो. त्यामुळे कच्चं राहून जातं. सर नववं लेक्चर शिकवत होते तेव्हा मी तिसऱ्याला निळी चौकट मारत होतो. सरांनी विचारलं, काय चाललंय. म्हटलं, नोट्स. फार खूश झाले बिचारे.
कच्च्यासाठी धाकटीची वही घेतो. तिच्या वहीत मुद्द्यांशिवाय काहीच नसतं. किती रुक्ष मुलगी.

४ सप्टेंबर
जांभळं पेन संपलं. तीन दुकानं पालथी घातली, ती छटा नाही. वेगळ्या जांभळ्याने लिहावं तर वही दोघांनी लिहिल्यासारखी दिसणार आणि सरांना संशय येणार. उदाहरणांना तूर्त जागा सोडतोय. प्रत्येकी पाच ओळी.

१० सप्टेंबर
आई म्हणाली की रंगबिंग सोड आणि नुसतं लिही. तिला कसं समजावू? आता सोडलं तर मागची अडतीस पानं पुढच्यांशी जुळणार नाहीत. पुढे जावं तर वेळ नाही, मागे यावं तर जीव होत नाही. टेबल एकच. पलीकडे धाकटीची पेन्सिल खरखरते, खालून इस्त्री धप्प धप्प वाजते. दुपारी एकदम छातीत धस्स झालं. भीती वगैरे नाही. उकाडा.

१७ सप्टेंबर, संध्याकाळी ६
बाबा चहाला वर आले. हात पुसून वही मागितली. इतक्या जपून पानं उलटली की मलाच कसंतरी झालं. म्हणाले, अक्षर सुरेख आहे रे.
एक्केचाळिसाव्या पानावर थांबले. स्टार्व्हेशन. शीर्षकाला सावली दिलीय, नजर ठरत नाही. हे काय असतं, असं विचारलं. मी सांगितलं की कॉम्प्युटरपुढे कामांची रांग असते, महत्त्वाची कामं पुढे घुसत राहतात आणि एखादं बिनमहत्त्वाचं काम कायमचं मागे पडतं.
बाबा म्हणाले, हात्तिच्या, हा तर आपला तळातला कोट. अर्जंट कपडे येतच राहतात, कोट जातो गठ्ठ्याच्या तळाला. म्हणून ते रोज सकाळी सगळ्यात जुना कपडा थोडा वर सरकवतात. कधीतरी त्याचाही नंबर लागतोच.
हसू आलं, पण बापाचं मन मोडू नये. मान हलवली. युनिव्हर्सिटीच्या वहीत कोट कसा लिहिणार? शिवाय जांभळं पेन नव्हतं.
धाकटी मात्र टेबलापलीकडे खरखर लिहीत होती. तिला काहीही चालतं.

२ ऑक्टोबर
सर बाविसाव्या लेक्चरवर, मी अकराव्या. सरासरी काढली तर सोळावं-सतरावं चालू आहे. वाईट नाही.

१३ ऑक्टोबर
उद्या पेपर. वहीला कव्हर घातलं. बाबांनी सकाळीच माझा शर्ट सगळ्यांच्या आधी इस्त्री केला. गिऱ्हाईक उभं होतं तरी.

१४ ऑक्टोबर, दुपारी २
पेपर झाला. वही जवळ होती. तरीही पेपर विचित्र होता.
प्रश्न चौथा, दहा गुण: स्टार्व्हेशन म्हणजे काय, त्यावर उपाय कोणता, रोजच्या व्यवहारातल्या उदाहरणासह लिहा. अनुक्रमणिकेमुळे पान चार सेकंदांत सापडलं. पद्धत यशस्वी. शीर्षक. सावली. खाली बारीक अक्षरात मीच लिहिलेलं: चांगलं उदाहरण सुचल्यावर भरणे. आणि पाच कोऱ्या ओळी.
कोट आठवला. लिहावा की नको यात वेळ गेला, उत्तर कोरंच राहिलं. एवढ्या मोठ्या परीक्षेत लाँड्री बरी दिसेना. धाकटी दोन बाक पुढे होती. वही बंद करून लिहीत होती.
घरी आल्यावर बाबांनी विचारलं. सोपा गेला म्हणालो. ते इतके आनंदले की जिन्यात जाऊन बसलो.

१२ नोव्हेंबर
निकाल. पास व्हायला चाळीस लागतात. मला एकतीस. चौथ्या प्रश्नाला शून्य.
धाकटीचं चौथं उत्तर सरांनी वर्गात वाचून दाखवलं. तळातला कोट. दहापैकी दहा. तिने घरी यातलं काही सांगितलं नाही, मला दुसऱ्यांकडून कळलं. फार रडू आलं. लिहून ठेवतो, वाचणारं कोण आहे?

१६ नोव्हेंबर, दुकान
बाबांनी दुसरी इस्त्री तापवून ठेवली होती. गठ्ठ्याच्या तळातून एक जुना कोट काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले की पहिला हा घे, बरेच दिवस थांबलाय.
कपड्यांवर खूण करायचं पेन ड्रॉवरमध्ये होतं. जांभळं. नेमकी तीच छटा.
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. वर जाऊन वही आणली आणि एक्केचाळिसावं पान भरलं. तीन ओळींत मावलं.