आंबिलीचं मडकं

आत्याबाई, तुमच्या सुनेचं अक्षर वाकडं हाय, दुसरीपातुर शाळा, सांभाळून घ्या. परवा येळवस झाली, मार्गशीर्षातली अवस. तुमच्या माघारी गाव लई वाढलंय, चौकात मोबाइलची दुकानं, बायपासला धाबे, पण येळवशीला अजून सगळ्याला कुलपं. गल्लीत निस्ती कुत्री. सगळं गाव आपापल्या रानात, कडब्याच्या कोपीत पांडव पुजून शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आन ताकातली आंबील खातंय, वाटनं जाणाऱ्याला हाका मारून जेवाय बसवतंय. भज्जीत माझी सून आता मटार घालती. बरी लागती, तुमच्यापाशी काय लपवायचं.

मला मात्र ती जुनी येळवस दिसती. तुमचा ल्योक जाऊन वरीस बी झालेलं न्हाय. माझा भाऊ न्यायला आलाय, पोरगं त्याच्या कडेवर, बोचकं बांधून झालंय. तुमचं घर सुटणार, रान सुटणार. आंबिलीचं मडकं डोक्यावरनं रानात न्यायचा मान सवाष्णीचा, म्हणून मी चुलीमागं सरकून उभी. थोरल्या जाऊबाई चुंबळ घेऊन पुढं येतात. तुम्ही ती त्यांच्या हातातनं घेता आन माझ्या डोक्यावर ठेवता.

"आत्याबाई, लोक काय म्हणतील?" जाऊबाई म्हणतात.

"लोक आलते का खुरपायला? हिनं पेरलं, हिनं खुरपलं. रानाला काय करायचंय कुंकू?" मग मला, "रडतीस काय, आंबिलीत मीठ घातलंय आधीच."

वाटंत बायका थांबून बघाय लागल्या. तुम्ही माझ्या म्होरं. जी टक लावंल तिला म्हणायचा, "बघतीस काय, जेवाय ये." येळवशीच्या जेवणाला कुणी न्हाय म्हणत न्हाय. नावं ठेवायला निघालेल्या सगळ्या आपल्या कोपीत बसून माझ्या हातची आंबील पिऊन गेल्या, मग कुणाचं तोंड उघडतंय. भाऊ बी पोटभर जेवला आन एकलाच माघारी गेला.

त्या दिसापासनं मडकं माझ्याच डोक्यावर, आत्याबाई. परवा कोपीत नातवंडं मावंनात, अर्धी बाहेर बांधावर जेवली. आता घरात सवाष्ण सून हाय. ती म्हणती, "आत्याबाई, मडकं माझ्याकडं द्या की, न्हायतर जीपमधी ठिवू." मी म्हणते, जीपमधी सांडंल. खरं सांगू का, मान लई धरती आता, यंदा वाटंत बसावं लागलं. पर हा कागद पिठाच्या डब्याखाली घालणार हाय. सुनेनं वाचला तर मडकं गेलंच माझ्या हातनं.