दुर्बीण गळ्यात, जीभ खिशात

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२५ ऑक्टोबर १९९४

प्रिय शुलामिथ,

सप्रेम नमस्कार, आणि तुझ्या घरच्या रीतीनं शालोम. तिकडे परदेशात तुझी लेक इलाना आणि तिचं बाळ सुखरूप आहेत हे वाचून जिवाला बरं वाटलं. माझी नवरात्रातली व्याख्यानं पार पडली. हुंड्यावर बोलत होते तेव्हा पहिल्या रांगेतले दोन यजमान उठून गेले, म्हणजे भाषण चांगलं झालं असणार.

पक्षी आले. रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. ओवे गावाकडच्या पाणथळीवर धोबी पक्षी शेपट्या हलवत हिंडताहेत. झकेरियाभावजी पुढे, आम्ही दहाबारा जण मागे. त्यांचा नियम तुला ठाऊकच आहे: दुर्बीण गळ्यात, जीभ खिशात. फेरीत बोलायचं नाही, हातानं खुणा करायच्या. मला म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी खिसा मोठा शिवून घ्या."

तुझ्या नवऱ्याच्या जेवणाची काळजी करू नकोस. माझ्याकडून वालाचं बिरडं जातं, डबा धुऊन परत येतो. पाणथळीवर भराव टाकायला डंपर येऊ लागलेत; त्यावर सभा घ्यायचा विचार आहे.

इतकं लिहून झालं तरी मी मुद्द्यावर आलेली नाही. मंचावर दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी चिठ्ठी पाठवून त्याला खाली बसवलं असतं.

परवाच्या रविवारी आम्ही भरावाच्या कडेनं चाललो होतो. भावजी दुर्बिणीत गुंतलेले. त्यांच्या पाठीमागून डंपर मागे मागे येत होता, हॉर्न वाजत होता. ते हलले नाहीत. आणि आम्ही शहाणी, शिकलेली माणसं काय करत होतो? त्यांच्या पाठीकडे पाहून हात हलवत होतो. आमच्यातला कृष्णकांत तर दोन्ही हात वर करून नाचत होता. नियम इतका अंगात मुरलेला की कुणाच्या तोंडून हाक फुटेना.

शेवटी मी ओरडले. माइकशिवाय मैदानाच्या टोकाला पोचणारा आवाज. समोरचे पक्षी उडाले तसे ते वळले, माझं उघडं तोंड पाहून ओठांवर बोट ठेवून रागानं म्हणाले, "बाई, पक्षी उडाले ना." तेवढ्यात डंपर त्यांच्या पिशवीला घासून थांबला. ड्रायव्हर उतरला. "बाबांना ऐकू नाय येत काय? आमी हॉर्न मारून दमलो."

भावजी त्याच्या ओठांकडे पाहत होते.

तू फोन केलास की लाइन खराब आहे म्हणून ते ठेवून देतात ना? लाइन खराब नसते, शुलामिथ. पावसाळ्यापासून त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतात, यंत्रानंही फारसा उपयोग होणार नाही. न बोलणाऱ्या माणसांत ते कुणाला कळलंच नाही.

घरी आल्यावर हे सगळं सांगून त्यांनी माझ्याकडून तुला न कळवण्याचं वचन घेतलं. म्हणाले, "तिला कळलं तर ती मला तिकडे नेईल. इथं मी ओठ वाचतो. मराठी बोलणारं तोंड मला जन्मापासून पाठ आहे. तिथं हिब्रू बोलणाऱ्यांत मी खरा बहिरा होईन." शुलामिथ, आयुष्यभर मी लोकांना वाद घालून हरवलं. त्यांच्यापुढे मात्र मी मान हलवून होकार दिला.

ती मान आज मागे घेते. खरं दडवणं म्हणजे माणसाला हळूहळू मारणं, हे मी गावोगाव सांगत फिरले. एका मित्रासाठी ते खोटं ठरवू? पण एवढं ऐक. तिकीट त्यांचं काढू नकोस. तुझं काढ. इलाना सावरली की तू ये, समोर बस आणि त्यांच्याशी सावकाश मराठीत बोल.

या रविवारी मी त्यांच्या पाठीमागे चालणार आहे आणि लागेल तेव्हा ओरडणार आहे. त्यांना राग येईल. तुला लिहिलं हे कळल्यावर तर कदाचित ते माझ्या तोंडाकडे पाहणंच सोडतील, आणि मग माझा एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. म्हणून लवकर ये.

तुझी, वचन मोडलेली
आशालता